तीन महिन्यांचे एकदम भरा म्हणणाऱ्या पीजीवाल्यापासून सावध

जून-जुलैत नागपुरात अ‍ॅडमिशन झालं की आधी राहायची सोय बघावी लागते आणि लगेच जेवायची. हे दोन्ही एकाच रकमेत करून देतो म्हणणारा कोणी भेटला की जीव भांड्यात पडतो. आम्हाला लुबाडणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं. त्याने खोलीचं भाडं आधी सांगितलंच नाही. पहिला प्रश्न होता, "महिन्याचं बजेट किती आहे ताई?" आणि जो आकडा आम्ही सांगितला त्याच्या थोडा खाली त्याचा रेट निघाला.

अमरावती रोडच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसला चालत जाता येईल अशा वस्तीत एक दुमजली घर. फक्त मुलींसाठी, गेटवर कॅमेरा, दोन वेळचं जेवण, वायफाय, उन्हाळ्यात कूलर, सगळं त्यातच. महिन्याला 6,500. तीन महिन्यांचे एकदम दिले तर 16,500, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारच. डिपॉझिट 5,000 वेगळं. त्याच भागात दोघींत एक खोली घेतली तर माणशी तीन-साडेतीन हजार, डबा तीन हजारांच्या आसपास, वर लाईट बिल. सात हजारांच्या खाली काही येत नव्हतं. महिन्याला दीड हजार वाचतात म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? बाबांनी घरची तूर विकून आलेल्या पैशांतून भरले. तो बाबांना म्हणाला, "काका, निश्चिंत जा. तुमची पोरगी म्हणजे आपली बहीणच."

पैसे क्यूआरवर घेतले. स्कॅन केल्यावर नाव आलं ते कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. "भाच्याचं दुकान आहे, माझं अकाऊंट लिमिटला लागलं," असं उत्तर तयारच होतं. पावती दिली ती बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या बिलबुकातली. त्यावर आमचं नाव, रक्कम, खाली एक गिचमिड सही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता काहीच नाही.

आता खरी मेख इथे आहे. पहिले दोन महिने त्याने सगळं अगदी चोख दिलं. रविवारी पनीर, गुरुवारी शिरा, सकाळी कधी तर्री-पोहे. वायफाय बंद पडलं तर तासाभरात माणूस हजर. म्हणून पोळ्याच्या आधी तो म्हणाला की दिवाळीनंतर रेट वाढणार आहे, ऑक्टोबर ते डिसेंबरचे आत्ताच भराल तर जुनाच रेट लावतो, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनीच भरले. त्याची खरी कमाई ही दुसरी वसुली होती. पहिल्या तीन महिन्यांच्या पैशांत त्याने आमचा विश्वास विकत घेतला होता.

बिंग फुटायला सुरुवात झाली ती माझ्या रूममेटमुळे. ती आरमोरीची, स्वाधार योजनेचा अर्ज भरत होती. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर या योजनेतून पैसे मिळतात. नागपूरसाठी वर्षाला भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. निवासाचे दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला दोन हजार पडतात, त्यात रविनगरकडे कॉटसुद्धा मिळत नाही, हा मुद्दा वेगळा. तर त्या अर्जासोबत भाड्याने राहत असल्याचा कागद जोडायचा होता. ती अग्रीमेंट मागायला गेली की याचं सुरू, "अग्रीमेंट काऊन पाहिजे तुले? आपण घरचेच आहोत ना." मग वकील गावाला गेला, मग प्रिंटर बंद, मग साइट डाऊन. अर्जाची तारीख जवळ आली तरी कागद नाही.

तिकडे ताटातलं वरण पातळ होत चाललं होतं. पनीर गेलं, मग दही गेलं, मग रात्रीला नुसती खिचडी. पाण्याच्या कॅनवाला दारात येऊन भांडून गेला. स्वयंपाकाच्या काकूंना मी हळूच विचारलं तर त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "मले बी दोन महिन्याचा पगार नाही भेटला, बाप्पा. उद्या या म्हणते अन् फोन उचलत नाही." कोणत्याही मेसचा खरा ताळेबंद स्वयंपाकवालीकडे असतो. आधी तिला विचारा, मग मालकाला.

महालक्ष्म्यांना सगळ्या गावी गेलो आणि परत आलो तर स्वयंपाकघराला कुलूप, त्याचा फोन बंद. त्याच आठवड्यात महावितरणचा माणूस थकबाकीसाठी लाईन कापायला आला. त्याच्या हातातल्या बिलावरचं नाव आम्ही कधी ऐकलेलंच नव्हतं. शेजारच्या आजींकडून त्या नावाच्या माणसाचा नंबर मिळाला. ते खरे घरमालक. रिटायर्ड, मुलाकडे पुण्याला राहणारे. त्यांनी हे घर आमच्या 'दादा'ला, म्हणजे त्या पीजीवाल्याला, अकरा महिन्यांच्या करारावर दिलं होतं. करारात पोटभाडेकरू ठेवायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं, आणि त्यांनाही सुरुवातीचं भाडं सोडून दमडी मिळाली नव्हती. माझे डिपॉझिटसकट साडेएकवीस हजार गेले, सप्टेंबरचं जेवण वेगळं. रूममेटचे तेवढेच. घरात पंधरा-सोळा मुली होत्या.

पैसे गेल्यापेक्षा महिनाभराचा हिशेब कोलमडला तो जास्त लागला. सेमिस्टरची फी बाकी, झेरॉक्सचे पैसे नाहीत, आणि घरी पुन्हा कोणत्या तोंडाने मागायचं. काही मुली दुपारी एकदाच जेवत होत्या.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं ऐकवलं. एकेकटी गेलो म्हणून. मग घरमालकांसह सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज दिला, पेमेंटचे स्क्रीनशॉट, पावत्या, त्याचे मेसेज जोडले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. जुन्या 420 च्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आलं आहे, अर्जात ते लिहिलं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. खात्यातून रक्कम पुढे सरकायच्या आत तक्रार झाली तर बँकेला ती रोखता येते. आम्हाला हे उशिरा कळलं, तोवर त्या जनरल स्टोअर्सच्या खात्यात काही उरलं नव्हतं.

यातच एक उपफसवणूक. अर्ज दिल्यावर काही दिवसांनी दोघींना फोन आला की तुमचे पैसे मंजूर झालेत, पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. एकीने फोन तिथेच आपटला. दुसरीचे दोन हजार गेले.

खोली घेताना आता मी काय बघते ते सांगते. लाईट बिल मागते. त्यावर नाव कोणाचं, थकबाकी किती, सगळं छापलेलं असतं. महापालिकेच्या घरटॅक्सच्या पावतीवर तेच नाव हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. हल्ली ती ऑनलाइन होते. त्यामुळे वकील गावाला गेला हे कारण चालवून घेऊ नका. घर चालवणारा मालक नसेल तर पोटभाडेकरू ठेवायची मालकाची लेखी परवानगी दाखव म्हणा. क्यूआरवर दुसऱ्याचं नाव आलं तर तिथेच थांबा.

खोली आणि मेस एकाच माणसाकडे असेल तर दोन्हीचे पैसे वेगळे आणि महिन्याचे महिन्याला द्या. तीनशे-पाचशे जास्त गेले तरी चालेल. कूलरचंही तसंच. 200 वॅटचा कूलर बारा तास चालला तर दिवसाला जेमतेम अडीच युनिट होतात, महिन्याला 70-75. 'कूलरचे हजार' म्हणणाऱ्याला सबमीटर दाखव म्हणा.

घरमालकांनी आम्हा चौघींशी थेट करार केला. भाडं माणशी 3,000, दर महिन्याला त्यांच्या खात्यावर. डबा त्याच काकू देतात, आता स्वतःच्या घरून.

त्या माणसाची जाहिरात दुसऱ्या नंबरवरून पुन्हा फिरते आहे, यावेळी बजाजनगरच्या बाजूची. मजकूर जवळपास तोच: "रूम, मेस, कूलर सगळं यातच, तीन महिने एकदम भरा." ज्यांनी आधीच भरले आहेत त्यांनी पावती फाडू नका, चॅट डिलीट करू नका. आमच्या ठाण्यातल्या अर्जाला पुरवणी अर्ज जोडून तुमची नावं घालता येतात.