जुन्या गाडीसाठी कूलिंग प्रेशर टेस्टर: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

गाडीतले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, कमी होत आहे, पण पार्किंगमध्ये जमिनीवर थेंबही दिसत नाही, अशी तक्रार घेऊन गेले की बहुतेक गॅरेजमध्ये पहिले उत्तर ‘हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधले सील) गेले’ असेच मिळते. माझ्या 2014 सालच्या पेट्रोल हॅचबॅकबाबतही तेच झाले. हेड उतरवून त्याचा पृष्ठभाग सपाट करून (फेस मारून) घ्यावा लागेल, असे सांगण्यात आले आणि त्याचा अंदाजे खर्च गाडीचा आजचा बाजारभाव पाहता परवडणारा नव्हता. इंजिन उघडण्याआधी पाणी नेमके जाते कुठे, एवढे तरी कळावे म्हणून मी हातपंपाचा कूलिंग सिस्टिम प्रेशर टेस्टर ऑनलाइन मागवला. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला हा संच आता उन्हाळा लागेपर्यंत माझ्या आणि सोसायटीतल्या आणखी काही जुन्या गाड्यांवर वापरून झाला आहे.

संच बिनब्रँडचा आणि काही हजार रुपयांचा आहे. त्यात सायकलच्या पंपासारखा छोटा हातपंप, त्यावर दाबाचा काटा, एक लवचीक नळी आणि वेगवेगळ्या गाड्यांच्या रेडिएटर तोंडांना बसणारी झाकणे असतात. रेडिएटरची कॅप काढून तिच्या जागी योग्य झाकण बसवायचे, पंपाने हवा भरायची आणि काटा उतरतो का ते पाहायचे, एवढेच त्याचे काम आहे. धावत्या गाडीत कूलिंगची यंत्रणा दाबाखाली असते आणि अनेक बारीक गळत्या त्या दाबाशिवाय उघड्याच पडत नाहीत. थंड गाडीचे बॉनेट उघडून टॉर्च मारत बसलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत, याचे कारण हेच.

दाबाचे महत्त्व आकड्यांत पाहिले की चटकन पटते. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यात साधे पाणी सुमारे 98 अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरच्या कॅपने 0.9 बार (बार हे दाबाचे एकक) दाब धरून ठेवला तर तेच पाणी 118 अंशांच्या आसपास उकळते, आणि निम्मे कूलंट, निम्मे डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेले) पाणी असे मिश्रण त्याहूनही वर टिकते. पंखा साधारण 95 ते 100 अंशांदरम्यान सुरू होत असल्याने दाब नसेल, तर गाडी अगदी नेहमीच्या तापमानालाही उकळण्याच्या उंबरठ्यावर असते. म्हणून पाणी कमी होणे आणि गाडी तापणे या दोन तक्रारी एकत्र आल्या तरी त्यांची कारणे वेगवेगळी असू शकतात, हे ध्यानात ठेवून तपासणी करावी लागते.

चाचणी रात्रभर उभ्या राहिलेल्या, पूर्ण थंड गाडीवरच घ्यावी. गरम गाडीची कॅप उघडल्यास उकळते कूलंट तोंडावर उडते, हा धोका तर आहेच. शिवाय इंजिन कोमट असेल तर आतले पाणी निवताना आकसते, काटा आपोआप खाली येतो आणि नसलेली गळती दिसू लागते. दाब किती भरायचा, हे मूळ कॅपवर लिहिलेले असते. माझ्या कॅपवर 0.9 बार होते, त्याहून जास्त दाब दिल्यास रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या किंवा केबिनमधल्या हीटरची जाळी फुटू शकते. या संचाच्या काट्यावर मात्र आकडे 2.5 बारपर्यंत आहेत, म्हणजे आपल्या कामाचा भाग सुमारे पहिल्या एक तृतीयांशात चेपलेला आणि रेघा इतक्या जवळ की चष्मा लावूनही अंदाजच करावा लागतो. काट्यावरच्या काचेवर पेनाने खूण करून ठेवणे हा मला सापडलेला सर्वांत सोपा उपाय आहे.

माझ्या गाडीवर दाब भरल्यावर काटा हळूहळू, पण निश्चित उतरू लागला. होज (रबरी नळ्या), क्लिपा, रेडिएटरच्या कडा सगळे कोरडे होते. शेवटी आरसा आणि टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या खाली पाहिले, तेव्हा पंपाच्या अंगावरच्या बारीक छिद्राशी हिरवट पांढरी खपली दिसली आणि पाहता पाहता तिच्या टोकाला एक थेंब फुगून आला. आतले सील झिजले की पाणी बेअरिंगकडे न जाता बाहेर पडावे, यासाठीच हे छिद्र ठेवलेले असते. धावत्या गाडीत तो थेंब गरम इंजिनावर पडून तिथेच वाळत होता, म्हणून जमिनीवर डाग नव्हता. अशा खपल्या जिथे दिसतील तिथे टेस्टर लावण्याआधीच बोट ठेवता येते. जुन्या गाडीत डोळ्यांनी शोधण्यासारखी ही सर्वांत उपयोगी खूण आहे, असे आता माझे मत झाले आहे.

संचातल्या दुहेरी तोंडाच्या जोडणीने कॅपही वेगळी तपासता येते आणि हा भाग मला टेस्टरच्या मुख्य कामाइतकाच मोलाचा वाटला. माझी कॅप 0.4 बारच्या आसपासच दाब सोडत होती. तिचे रबर कडक होऊन त्यावर कडेचा खोल ठसा उमटला होता. एवढ्या दाबाला साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण 108 अंशांवर येतो, म्हणजे चढावर थोडे तापमान वाढले की कूलंट रिझर्व्ह बाटलीत ढकलले जाणार आणि बाटली भरली की बाहेर सांडणार. काही शे रुपयांची ही वस्तू न तपासता हेड उतरवायला निघणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

या साधनाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गरम झाल्यावरच उघडणारी भेग थंड चाचणीत निसटू शकते, आणि हेड गॅस्केटमधली अगदी बारीक गळती काट्यावर दिसेलच असे नाही. त्यासाठी मी निळ्या द्रावाची वेगळी चाचणी घेतली: चालू इंजिनात रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावातून ओढायची, ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळत असेल तर द्राव पिवळा पडतो. त्याआधी रेडिएटरमधली पातळी थोडी उतरवावी लागते, नाहीतर कूलंटच द्रावात शिरून तो वाया जातो. माझ्याकडे रंग निळाच राहिला. गॅस्केट गेल्याच्या इतर खुणाही नव्हत्या: तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर नव्हता, सकाळी पहिल्या स्टार्टला होज लगेच टणक होत नव्हता. तेव्हा हेडचा विषय मी तिथेच सोडला.

पंप आणि कॅप बदलल्यावर पातळी स्थिर झाली, पण साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढाला एसी चालू असता तापमान अजूनही वाढत होते. हे टेस्टरने कळणारे दुखणे नव्हे. ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे साधन) शहरात नव्वदीत राहणारा आकडा चढावर शंभर ओलांडत असे, तर डॅशबोर्डवरचा काटा तोवर मध्यावरच शांत. सिग्नलला उभी असताना तापणारी गाडी आधी पंख्याकडे बोट दाखवते. वेगात किंवा चढावर तापणारी गाडी रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) किंवा पाण्याच्या प्रवाहाकडे. माझ्याकडे एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ आणि किड्यांचा नमद्यासारखा थर बसला होता. इंजिनाच्या बाजूने साध्या नळीचे पाणी मारून तो काढला, कारण वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात. त्यानंतर तोच चढ शंभरच्या आत पार पडतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मला दोन ठिकाणी मिळाला. मी तो मानला नाही, कारण इंजिन कायम थंड राहून पेट्रोल जास्त पिते आणि मूळ बिघाड फक्त झाकला जातो.

आता संचाबद्दलच्या तक्रारी. नळीची पितळी जोडणी नवी असतानाच किंचित हवा सोडत होती, त्यामुळे प्रत्येक वेळी आधी टेस्टर गाडीला न लावता, त्याचे तोंड बंद करून त्याचाच काटा टिकतो का हे पाहावे लागते. रबरी वॉशर पावसाळ्यात फुगले आणि सिलिकॉन ग्रीस लावून बदलावे लागले. आटे असलेल्या, दाब धरणाऱ्या रिझर्व्ह टाकीच्या युरोपियन गाडीला यातली एकही जोडणी बसली नाही, म्हणून मागवण्याआधी आपल्या कॅपचा प्रकार आणि व्यास पाहून घ्यावा. चाचणीत सांडलेले कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुवावे; इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते आणि पार्किंगमधली कुत्री ते चाटतात.