कीटोन तपासणी : लघवीची पट्टी की रक्ताचा मीटर?

घरात टाइप १ मधुमेह असलेले मूल असेल, तर साखर २५० च्या वर रेंगाळू लागली किंवा उलटी झाली की कीटोन (इन्सुलिन कमी पडल्याने शरीर चरबी जाळू लागले की रक्तात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासायचे, हे डॉक्टरांनी आपल्याला सांगितलेले असेलच. प्रश्न उरतो तो कशाने तपासायचे एवढाच. आम्ही मुलीसाठी दोन वर्षे लघवीच्या पट्ट्या वापरल्या आणि आता तीन वर्षे रक्ताचा कीटोन मीटर वापरत आहोत.

लघवीची पट्टी स्वस्त आहे आणि तिच्यासाठी बोट टोचावे लागत नाही. रक्ताची एकेक पट्टी महाग पडते व आमच्या दुकानदाराला ती मागवून घ्यावी लागते.

निर्णय मात्र एका रात्रीने केला. मुलीला ताप होता, पहाटे तीनला उलट्या सुरू झाल्या, साखर ३४० होती आणि अंगातले पाणी इतके आटले होते की तिला लघवीच होईना. पट्टीची निकड सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हाच थेंब मिळत नाही. तासाभराने थोडी लघवी झाली, तर पट्टीचा रंग मध्यम जांभळा की गडद यावर आम्हा दोघांचे एकमत होईना. रुग्णालयात रक्तातील कीटोन ३.४ निघाले.

तेथेच आणखी एक गोष्ट उमगली. काही तासांत साखर २५० पर्यंत उतरली, तरी इन्सुलिनची ड्रिप थांबवली नाही, उलट सलाइनमध्ये ग्लुकोज जोडले. कारण साखर उतरली तरी कीटोन अजून रक्तात होते आणि ते निवळायला इन्सुलिनच लागते. रक्ताचा मीटर त्यांतील बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा प्रकार मोजतो, जो इन्सुलिन कमी पडून कीटोन साचतात तेव्हा सर्वाधिक वाढतो. लघवीच्या पट्टीला तो दिसत नाही. ती अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हा दुसरा प्रकार ओळखते, आणि उपचारांनी पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होत असल्याने मूल सुधारत असतानाही तिचा रंग गडद होऊ शकतो.

खर्च झेपत नसेल, तर पट्ट्या जरूर ठेवाव्यात, काहीच नसण्यापेक्षा त्या कितीतरी बऱ्या. फक्त बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, कारण दमट हवेत त्या लवकर खराब होतात. आमच्या उशाशी मात्र मीटर असतो. आकडा ०.६ च्या आत असला तर ठरवून दिलेला इन्सुलिनचा डोस देऊन दोन तासांनी पुन्हा पाहतो, १.५ ओलांडला तर डॉक्टरांना फोन करतो. ३ झाला तर थेट रुग्णालय, आणि उलटी थांबत नसेल किंवा श्वास खोल व जलद होऊ लागला, तर आकड्याचीही वाट पाहत नाही.