घाम गाळल्यानंतर: स्पोर्ट्स ड्रिंक की ओआरएस?

उन्हात तासभर धावून आल्यावर टोपीच्या कडेला जी पांढरी, खरखरीत रेघ उमटते, ती घामातून गेलेल्या मिठाची असते. ते भरून काढताना स्पोर्ट्स ड्रिंक घ्यावे की ओआरएस (जुलाबात देतात ते साखर-मिठाचे पाणी), हे मुख्यतः दोहोंतील साखर आणि सोडियम (मिठातला एक घटक) यांच्या प्रमाणावरून ठरवावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. साखर इतकी मोजूनमापून घालण्याचा चवीशी संबंध नाही. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये मात्र सहसा लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम साखर असते आणि सोडियम ओआरएसच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी असते.

ही साखर दोन तास सायकल हाणणाऱ्याच्या स्नायूंना इंधन म्हणून उपयोगी पडते, परंतु अर्धा तास चालून आलेल्याला तिची गरज नसते. त्याला पाणी आणि नेहमीचे जेवण पुरते. कपडे मिठाने ताठरण्याइतका घाम गेला असेल, तर ओआरएस सरस, अर्थात ती खारट चव सर्वांनाच रुचते असे नाही. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

पेय कोणतेही असो, व्यायामात घटलेल्या दर किलो वजनामागे सव्वा ते दीड लिटर, तेही घटाघटा न पिता, पुढील काही तासांत थोडेथोडे घ्यावे.