गाडी कधी सुरू होते कधी नाही? दांडिया बाजारातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचा अनुभव

बडोद्यात कुणाची गाडी मधूनमधून सेल्फ घेत नसेल तर नवीन बॅटरीवर पैसे घालायच्या आधी दांडिया बाजारातल्या मागच्या गल्लीत जे ऑटो इलेक्ट्रिशियन काका बसतात त्यांच्याकडे एकदा जाऊन या, अगदी मनापासून सांगतोय.

आमच्या पेट्रोल गाडीचं असं व्हायचं की सकाळी एका झटक्यात सुरू, पण खंडेराव मार्केटात भाजी घेऊन परत आलं आणि किल्ली फिरवली की नुसता टक् आवाज, इंजिन फिरतच नाही. थोडं थांबलं की परत सुरू, कधी आठवडाभर काहीच त्रास नाही, आणि गॅरेजला नेली की हमखास नीट चालणार. आधीच्या गॅरेजवाल्याने काहीच न मोजता बॅटरी बदलायला लावली, थोडे दिवस बरं गेलं मग परत तेच, तर म्हणे आता सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, बदला. म्हणजे काय एकेक पार्ट बदलत बसायचं का गिऱ्हाइकाच्या पैशाने?

काकांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, टक् एकदाच येतो की टकटकटक? हेडलाइट लावून किल्ली फिरवली तर लाइट मंद होतो का? टकटकटक आणि लाइट अगदी मंद असेल तर बहुतेक बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल ढिलं आहे, पण एकच टक् आणि लाइट तसाच असेल तर बहुधा सेल्फला पुरता करंटच मिळत नाहीये. आमचं दुसरं होतं.

मग "पहेला मापी लईए" म्हणत मल्टीमीटर काढला. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्ट, चालू इंजिनवर 14.1, म्हणजे बॅटरी आणि तिला चार्ज करणारा अल्टरनेटर दोन्ही ठीक. मग इंजिन चांगलं तापू दिलं आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या धातूवर धरून मला सेल्फ मारायला लावला, बंद करून परत, असं टक् येईपर्यंत. तिथे फार तर 0.2-0.3 व्होल्ट दिसायला हवेत, आमच्याकडे दोनच्या वर! इंजिनला बॅटरीच्या मायनसशी जोडणारा अर्थिंगचा पट्टा वरून धडधाकट पण आतून हिरवा पडलेला. काकांनी लगेच विचारलं 2024 च्या ऑगस्टमधे गाडी पाण्यात होती का, आणि होतीच, विश्वामित्रीचं पाणी आमच्या पार्किंगमधे शिरलं होतं. त्या पुरानंतर अशा बऱ्याच गाड्या येतात म्हणाले. ज्यांच्या गाड्या तेव्हा भिजल्या त्यांनी अर्थिंग एकदा तपासून घ्याच, गंज वायरच्या आत हळूहळू चढतो, वरून दिसत नाही.

नवीन पट्टा, दोन्हीकडची जागा घासून साफ, मजुरीसकट साडेसातशे. त्यानंतर भर मे महिन्याच्या उन्हातही गाडीने दगा दिलेला नाही. सेल्फ बदलून सहज हजारो रुपये घेता आले असते, माणसाने घेतले नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

वेळ मात्र खूप लागतो, गर्दी असली की अर्धा दिवस गेलाच समजा. गल्ली अरुंद, मोठी गाडी असेल तर सकाळी लवकर जा. फोन उचलत नाहीत. आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर ते इमोबिलायझरचं (किल्ली ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचं) काम, ते करत नाहीत, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा म्हणून सांगतात.