बर्डीवर मिळणारा ३२ बिटांचा पेचकस-संच : लॅपटॉपला कुठवर पुरतो?

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, कॉम्प्युटरच्या सुट्या सामानाच्या दुकानात विचारलं की हा चपटा डबा समोर येतो. एक मूठ, एक जोडदांडी, ४ मिलिमीटर षटकोनी बुडाचे तीसेक बिट (मुठीत बदलून बसवायची टोकं) आणि नशीब असेल तर एक चिमटा. बिननावाचा डबा २००-२५० रुपयांत पडतो. झाकण उघडणं, रॅम किंवा एसएसडी बदलणं आणि पंखा साफ करणं एवढ्याला तो पुरतो. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर चिपची उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या भागाच्या, स्क्रूंपाशी मात्र काठावर पास.

तीस बिटांपैकी लॅपटॉपला लागतात जेमतेम चार. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपना चौफुलीचे पीएच-० आणि त्याहून बारीक पीएच-००. मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा १.२ मिलिमीटरचा पेंटालोब, आत टॉर्क्स टी-५. बाकीचे मोबाईल, घड्याळं आणि पोट्ट्यांच्या खेळण्यांसाठी. खरी गोम बिट निवडण्यात आहे. पीएच-०० मोठ्या डोक्याच्या स्क्रूतही शिरतो, पण खाचा भरत नाही. जोर लावला की खाच खरवडते आणि मग तो स्क्रू ड्रिलशिवाय निघत नाही. म्हणून आधी पीएच-० लावून बघा. बिट उभा धरल्यावर डुगडुगत नसेल तर तोच बरोबर. जोर खाली दाबण्यात जास्त, फिरवण्यात कमी. काही स्क्रूंना कारखान्यातच निळा गोंद लावलेला असतो, त्यामुळे पहिला झटका कडक लागतो. स्वस्त बिटांचं पोलाद मऊ असल्याने पहिलं टोक झिजतं ते पीएच-० चंच. या डब्याची सगळ्यात मोठी खोट हीच, आणि वेगळा एक चांगला पीएच-० पेचकस घेणं हाच त्यावर उपाय. लोहचुंबकही कमजोर आहे. जुन्या स्पीकरच्या चुंबकावर टोक एकाच दिशेने दहा-बारा वेळा घासलं की स्क्रू धरायला लागतं.

दिसतील ते सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली एखादा लपलेला असतो. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर कीबोर्डच्या बाजूने टेंगूळ येतं किंवा बोर्डाला इजा होते. पुठ्ठ्यावर तळाचा आकार काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. झाकण सोडवायला संचातली पत्र्याची पट्टी वापरू नका, आत गेली तर शॉर्ट करते. गिटारची प्लास्टिकची पिक उत्तम. आत शिरल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी काढणं, मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरणं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज चटकन साठते, तेव्हा आधी एखाद्या उघड्या धातूला हात लावून घ्या.

नागपुरात हा डबा खरा कामाला येतो तो पंख्यासाठी. खोली १५ अंशांनी तापली की तेवढ्याच कामाला चिपही साधारण तेवढीच चढते. बऱ्याच इंटेल चिपची कमाल मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचली की ती स्वतःचा वेग कमी करते. नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, लॅपटॉप ‘स्लो’ होण्यामागे बरेचदा व्हायरस नसतो, धूळ असते. पंखा आणि हीटसिंकच्या जाळीच्या मधोमध धूळ, केस आणि गादीचा कापूस मिळून नमदा तयार होतो. बाहेरून फुंकर मारली तर तो जाळीत आणखी घट्ट बसतो. पंखा सोडवा, नमदा चिमट्याने उचला, उरलेलं मऊ ब्रशने काढा. हवा मारायचीच असेल तर पाती बोटाने धरून मारा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग बिघडतं. आणि कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नये, त्या हवेसोबत पाण्याचे बारीक थेंबही येतात.

चिप आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलायची तर हीटसिंकच्या स्क्रूंशेजारचे १, २, ३, ४ आकडे बघा. कसताना त्याच क्रमाने, सोडवताना उलट, आणि दरवेळी थोडं थोडंच. एकच कोपरा पूर्ण कसला तर उघड्या चिपची कड तुटू शकते. जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नेलपॉलिश रिमूव्हरने प्लास्टिक विरघळतं. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, चिपभर पातळ पसरून. ग्राफिक्सच्या मेमरीवरचे मऊ पॅड फाटू देऊ नका. ती फट पेस्टने भरत नाही.

रॅमला पेचकस फक्त झाकणापुरता. पडदा काळा, पंखा चालू आणि बीप येत असतील तर पट्टी काढून सोनेरी टोकं अल्कोहोलने पुसा आणि तिरकी घालून दोन्ही कड्या ‘टक्’ होईपर्यंत दाबा. खोडरबराचा नुस्खा सगळीकडे चालतो, पण त्याचा चुरा खाचेत पडतो. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जबरदस्ती नको. दरवेळी तारीख मागे जात असेल तर बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर-२०३२ सेल बदला. काही मॉडेलमध्ये तो वायरसकट येतो, तेव्हा आधी उघडून बघा.

चार्जिंगची तक्रार असेल तर लॅपटॉप उघडण्याआधी दुसरा अडॅप्टर लावून बघा. डेलच्या गोल पिनेतली मधली बारीक सुई अडॅप्टरची ओळख पटवते. ती वाकली तर लॅपटॉप चालतो, बॅटरी मात्र भरत नाही. जॅक वायरने जोडलेला असेल तर घरी बदलता येतो, बोर्डाला झाळलेला असेल तर नाही.

टचपॅड वर उचललं गेलंय किंवा तळ फुगलाय असं दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि हा डबा बाजूला ठेवा. फुगलेल्या लिथियम बॅटरीला टोक लागलं तर ती पेटते.

डबा घेताना दुकानातच पीएच-० चा बिट मुठीत बसवून हलवा. खुळखुळला तर दुसरा मागा.