ठरलेल्या पद्धतीनेच काम करायचंय? सीएनसी, औषध कारखाना आणि बॉयलर

‘मला डोकं लढवायचं काम नको, सांगितलेलं चोख करतो’ असं आयटीआय झालेला मुलगा म्हणाला की घरचे त्याला आळशी ठरवतात. मला ते मुळीच पटत नाही. कारखान्याला अशी माणसं हवीच असतात. फक्त कामात गडबड दिसली की हाताने काय करायचं, हे तिन्ही ठिकाणी निराळं आहे. निवड त्यावरून करा.

चाकण-भोसरीकडे सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन) ऑपरेटरची कामं भरपूर. पहिला नग क्वालिटीकडून पास झाल्याशिवाय पुढचा लावायचा नाही, मग ठरावीक नगांमागे मोजमाप. पण समजा व्यास 25 मिमी हवा, सूट (चालणारा फरक) 0.02. मायक्रोमीटर 25.00 दाखवतो, थोड्या वेळाने 25.01. म्हणजे इन्सर्ट (कापणारं टोक) झिजतोय. ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) आत्ता द्यायचा की अजून चार नग थांबायचं, हे पुष्कळ ठिकाणी ऑपरेटरच ठरवतो. शिवाय पगार खरा वाढतो तो सेटर (नव्या नगासाठी मशीन लावून देणारा) झाल्यावर, आणि सेटरचा अर्धा दिवस अडलेलं सोडवण्यातच जातो. नेमकं तेच नको असेल, तर इथली बढती जड जाईल.

ज्याला नियमातच निवांत वाटतं त्याने तारापूर किंवा गोव्यात वेर्णा गाठावं, असं माझं स्पष्ट मत. औषधनिर्मितीला शेड्यूल एम (औषध कसं बनवायचं याचे सरकारी नियम) लागू असतं आणि प्रत्येक कृतीची एसओपी (लेखी कार्यपद्धती) असते. बॅच सुरू करण्याआधी लाइन क्लिअरन्स: मागच्या बॅचची एक गोळी, एक लेबलसुद्धा मशीनभोवती राहता कामा नये. मग ठरल्या वेळी गोळ्यांची वजनं घ्यायची आणि बीएमआरमध्ये (बॅचच्या नोंदपुस्तकात) तिथल्या तिथे लिहायची. चूक झाली तर एकच आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर चालत नाही. सुरुवातीला मी एकदा दोन नोंदी शिफ्ट सुटताना एकदम भरल्या. गोळ्या उत्तम होत्या, तरी डेव्हिएशन (नियम मोडल्याची नोंद) निघालं आणि क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) बॅच रोखून धरली. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, औषध घेणाऱ्यासाठी हे असंच असायला हवं. इथे गडबड दिसली की थांबायचं आणि कळवायचं, स्वतः दुरुस्त करायला जायचं नाही. त्रास आहे तो गाऊनिंगचा (अंगभर खास कपडे चढवण्याचा), दिवसभर उभं राहण्याचा आणि लिखाणाचा. अक्षर नीट नसेल तर आधी ते सुधारा. आयटीआय अजून व्हायचं असेल तर दोन वर्षांचा एओसीपी (अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट) ट्रेड केमिकल आणि बल्क ड्रगसाठी (औषधाच्या मूळ द्रव्यासाठी) कामाला येतो. गोळ्यांच्या विभागात बी.एस्सी., डी.फार्म. झालेले जास्त दिसतात.

बॉयलर अटेंडंटचं कामही वरून अगदी ठरलेलं दिसतं: शिफ्टला आल्यावर गेजग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) ब्लोडाउन करून साफ करायची, मग वेळच्या वेळी लॉगबुक. सरकारी परीक्षा देऊन दुसऱ्या, मग पहिल्या वर्गाचा दाखला मिळतो, आणि त्याला मान आहे. पण गेजग्लासमधलं पाणी खाली जाऊन दिसेनासं झालं, तर रात्री दोनला कुणाला विचारत बसता येत नाही. आग आधी बंद करायची, घाबरून बॉयलरमध्ये पाणी सोडायचं नाही. हे क्षणात आठवायला हवं. साखर कारखान्यात हंगामी म्हणून लागलात तर गळीत संपल्यावर घरी बसावं लागतं, तेही धरून चला.

सीएनसीकडेच जायचं ठरलं, तर मुलाखतीत एवढं विचारा: मशीनवर एकच जॉब (एकाच प्रकारचा नग) किती दिवस चालतो? महिनोन्‌महिने तोच चालत असेल तर खुशाल जा. दर शिफ्टला सेटिंग बदलत असेल, तर औषध कारखान्याचा अर्ज आधी भरा.