उषाची काळी पायावरची मशीन: तात्यांच्या मागं २३ ड्रेस शिवून मग लिहितेय

आमचे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, मे महिन्यात गेले. टेलर होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागं एक खोली, चाळीस वर्षं तीच खोली आणि तीच उषा कंपनीची काळी मशीन, हात फिरतो तिथली सोनेरी नक्षी पार पुसून गेलेली. रिव्ह्यू मशीनचा आहे पण तात्यांना सोडून तिच्याबद्दल मला लिहिताच येणार नाही, त्यामुळे दोन्ही मिसळून येईल.

झालं असं की ते गेले तेव्हा दुकानात शाळेचे २३ ड्रेस कापून ठेवलेले होते. पांढरा शर्ट, खाकी हाफ पँट, प्रत्येकाचे तुकडे गुंडाळून चिंधीनं बांधलेले आणि आत चिठ्ठी. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशीपर्यंत माणूस कापत बसला होता हे आम्हाला ती गाठोडी बघून कळलं. शाळा १५ जूनला उघडणार. पोरांच्या आया भेटायला यायच्या, काकूच्या गळ्यात पडून रडायच्या, पण एकीनंही कापड परत मागितलं नाही. एक जण तर म्हणाली, राहूद्या हो, जुनाच घालून जाईल पोरगं. त्यावर काकूच म्हणाली की नाही, तेराव्यानंतर मशीन उघडायची आणि सगळे ड्रेस शिवूनच द्यायचे.

तेरावं झालं, चौदाव्या दिवशी ताईनं (तात्यांची मुलगी, साताऱ्यात ब्लाउज शिवते, शिकली बापाकडंच) पायडलवर पाय ठेवला तर चाक हलेना. इतके दिवस बंद होती ना. तालुक्याला एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला भंगारात घाला आणि मोटरवाली नवीन न्या. ताई तिथनं काही न बोलता बाहेर आली, मला फार वाईट वाटलं. मग तात्यांच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री होते ते स्वतःच आले, कुणी सांगितलं त्यांना कुणास ठाऊक. वरचं डोकं आडवं केलं, सांध्या-सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले, हातानं चाक फिरवत राहिले, काळं पाणी निघालं ते पुसलं, मग मशीनचं पातळ तेल. कापड पुढं सरकवणाऱ्या दात्यांच्या खालनं धाग्याचा आणि कापडाच्या भुग्याचा गोळा निघाला मुठीएवढा. चामड्याचा पट्टा नवीन, बॉबिन केस (खालच्या धाग्याची रीळ बसते ती डबी) नवीन, सामानाचे ६५० रुपये झाले आणि मजुरी काही केल्या घेतली नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात सगळ्या घराचे कपडे तात्यांनी शिवले होते आणि पैसे वर्षभरानं घेतले होते, ते हेच सांगत होते सारखं.

तर मशीन. तीन दिवसांत लोण्यासारखी चालायला लागली. नवीन पट्टा पहिल्या आठवड्यात सैल पडतो, तेव्हा थोडा कापून परत क्लिप मारायची, घाबरायचं नाही. शर्टाला १४ नंबरची सुई, खाकीला १६. कापडाच्या खालच्या बाजूला धाग्याचे झुबके यायला लागले की आपण बॉबिनला दोष देतो पण बहुतेक वेळा वरचा धागा नीट ओवलेला नसतो किंवा वरचं टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, सैल असतं, हे ताईनं मला दाखवलं आणि तिला तात्यांनी दाखवलेलं. आणि कृपा करून खोबरेल तेल घालू नका कुणी, चिकट होऊन सगळं जाम होतं. टाका मात्र असा येतो की खाकीच्या चार पदरी शिवणीवर सुद्धा सुई अडखळत नाही, हलक्या नवीन मशीन तिथं थरथरतात.

लाइटची गरज नाही हे तर आहेच. लोडशेडिंगच्या वर्षांत आमच्याकडं दिवसाचे बारा-बारा तास लाइट नसायची, तेव्हाही ही चालू. दिवाळीत तात्या रात्रभर गॅसबत्तीवर शिवायचे आणि नरकचतुर्दशीला पहाटे घरी यायचे ते डायरेक्ट अभ्यंगस्नानाला, केसांत धाग्याचे तुकडे. आम्ही पोरं ते वेचायचो आणि काकू तोपर्यंत उटणं कालवायची. गावातली सगळी पोरं नवीन कपडे घालून फटाके उडवायची आणि तात्या फराळ करून जे झोपायचे ते संध्याकाळीच उठायचे.

कमी काय आहे तेही लिहिते. फक्त सरळ टाका. इंटरलॉक (कापडाच्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारतात ती शिलाई) बाहेरनं करून आणावं लागतं, काजं हातानं. उचलायला दोन माणसं लागतात. आणि पाय, पाय भरून येतात. मी दोन तास चालवली आणि पोटऱ्यांना गोळे आले, तात्या दहा-बारा तास चालवायचे. संध्याकाळी त्यांचे घोटे सुजलेले असायचे, काकू गरम पाण्याची बादली पुढं ठेवायची, ते त्यात पाय घालून पेपर वाचायचे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं करतात. गुडघ्याचा त्रास असेल तर ही मशीन घेऊ नका, हे मनापासून सांगते.

चिठ्ठ्यांबद्दल सांगायचं राहिलं. प्रत्येक चिठ्ठीवर माप आणि खाली माया (पुढं कपडा वाढवता यावा म्हणून आत सोडलेलं जादा कापड) किती ठेवायची त्याची सूचना, कुठं "माया दीड इंच, पोरगं उंच होणार", कुठं "माया २ इंच, धाकट्याला पण घालायचाय". चिठ्ठ्यांवर नाही मावलं ते मापाच्या वह्यांत. त्या वह्या आम्ही दहाव्याला काढल्या होत्या आणि मग जो येईल तो स्वतःचं पान शोधायला लागला. माझी पण सापडली, पहिलीपासून दहावीपर्यंत दर जूनला छाती, कंबर, उंची, आणि सातवीच्या वर्षी पुढं लिहिलंय "बारीक झाली, विचारणे". त्या वर्षी मला कावीळ झाली होती. आईला पहिल्यांदा तात्यांनीच सांगितलं होतं की पोरगी बारीक झालीय, दाखवून घ्या.

तात्यांचे एक मित्र मार्केट यार्डात हमाली करायचे. त्यांच्या पानावर दर वर्षी एकच ओळ, "डावा खांदा पाऊण इंच उतार". ते वाचून गप्पच बसले. मग म्हणाले, मागच्या वर्षी पोरानं पुण्यातनं तयार शर्ट आणला, तो घातला की एका बाजूला लोंबायचा, मी म्हणायचो शर्टच वाकडा शिवलाय. शंभर किलोची पोती वाहून खांदा खाली गेलाय हे त्यांना तीस वर्षं कळलंच नव्हतं, कारण तात्या न बोलता कापड तसं कापायचे आणि अंगावर शर्ट सरळ दिसायचा.

२३ ड्रेस १४ जूनच्या रात्री पूर्ण झाले. शिलाई ताईची, काजं-बटणं माझी आणि काकूची. पैसे तात्यांनी ठरवलेले तेवढेच घेतले.

मशीन विकायची नाही असं ठरलंय, ताई शनिवार-रविवार येऊन दुकान उघडणार आहे. पहिलं नवीन गिऱ्हाईक तेच हमालकाका, शर्टाचं कापड घेऊन आले. ताई टेप काढायला लागली तर म्हणाले, माप कशाला घेतेस, वहीत आहे की. तिनं वही उघडून समोर ठेवली आणि डावा खांदा पाऊण इंच उतरता कापला.